जिनाच्या कोठडीतला कमोड

घराला लोक नावं ठेवतात तोवर ठीक; घराचं नाव यादीत जाऊ देऊ नये. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या दिलीप खवसे मास्तरांना हे शहाणपण फार उशिरा आलं. आलं तेव्हा त्यांच्या पत्नी सरलाबाई एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पदर सावरत, स्वतःच्याच ओट्याच्या पायऱ्या पाठमोऱ्या उतरत होत्या.

पाठमोरं उतरणं ही काही त्यांची हौस नव्हती. दोन्ही गुडघे पार झिजलेले. नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सांगितलं की आता मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं तर अजिबात नाही. मग घरात मीठ आहे ना विचारावं इतक्या सहज विचारलं, "घरी कमोड आहे ना?"

"बसवून घेऊ," मास्तर म्हणाले.

मोहरीएवढं वाक्य; पण जमीन कसदार निघाली आणि त्याला फांद्या फुटत गेल्या.

दुसऱ्या कोणाच्या घरी गुणवंता मिस्त्रीने बिडी संपायच्या आत कोपरा आखून दिला असता. पण मास्तरांचं घर आता घर राहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीपासून ते धरोहर, म्हणजे सरकारी वारसा होतं. दारावर तपकिरी पाटी होती: 'कापूस जिनिंग कामगार निवास. संरक्षित वास्तू.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की इथे तोडणं, जोडणं, खोदणं, रंगवणं मना आहे. मास्तरांनी जन्मभर पोरांना बारीक अक्षर वाचायला लावलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी फक्त वरचं मोठं अक्षर वाचलं आणि सही ठोकली.

वास्तू म्हणजे काय होती, तेही सांगायला हवं. सौंसरात एके काळी एक मोठं जिन होतं. कापूस आत जायचा, रुई बाहेर यायची, सरकी वेगळी व्हायची; आणि या तिन्हींतून उरलेली माणसं संध्याकाळी मागच्या ओळीतल्या कोठड्यांमध्ये निजायला जायची. शेठने त्या एकाच मापाने बांधून काढल्या होत्या. मातीत घातलेल्या विटा, छपराला मातीचे कवेलू, ते पेलायला एकच सागाची मयाल, उजेडासाठी वर एक भोक, आणि वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये असं दार. मजूर घरातही ताठ जाऊ नये याची सोय. जिन बंद पडलं, भोंगा भंगारात गेला. ज्याच्या त्याच्या कोठड्या ज्याच्या त्याच्या नावे झाल्या आणि लोकांनी त्या आनंदाने पाडून स्लॅब टाकले. मास्तरांचीच तेवढी उरली. जपली म्हणून नव्हे. पाडायचं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर पावसाळ्यात राहून जायचं. आळसाने टिकलेल्या वस्तूला पुढे वारसा म्हणतात, हे मास्तरांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

समोर चिंधूचं घर. चिंधू संत्र्याच्या बागा घ्यायचा आणि संत्र्याने त्याला भरभरून दिलं होतं. तीन मजले, निळ्या काचा, फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती आणि बाहेरच्या भिंतीला न्हाणीघराच्या चकचकीत टाइल्स. हे घर पाहिलं की वाटायचं, कोणीतरी न्हाणीघर उलटं करून वाळत घातलंय. त्याच्या सज्जातून रोज सकाळी हाक यायची, "काय गा मास्तर, सुटले का कोठडीतून?"

मास्तर हसायचे. आत जाऊन मात्र त्यांना चहा गोड लागायचा नाही.

म्हणून दामिनी मॅडम गल्लीत आल्या तेव्हा मास्तरांना त्या देवीसारख्या दिसल्या. मॅडम भोपाळच्या, वास्तुशास्त्र शिकलेल्या, जुनी घरं शोधत फिरणाऱ्या धरोहर समितीच्या. चिंधूचं घर त्यांनी डोळ्यांवर हात धरून ओलांडलं आणि मास्तरांच्या दारापाशी थबकल्या.

"किती प्रामाणिक घर आहे," त्या म्हणाल्या.

त्या घराला आजवर लोकांनी पुष्कळ म्हटलं होतं. प्रामाणिक कोणी म्हटलं नव्हतं. मास्तर विरघळले. मग मॅडम एकेका गोष्टीवरून हात फिरवत गेल्या. बुटकं दार म्हणजे 'प्रवेशातली विनम्रता'. वरचं भोक म्हणजे 'नियंत्रित प्रकाश'. कवेलूंतल्या फटी म्हणजे 'श्वास घेणारं छप्पर'.

"श्वास तं घेते," चहा आणताना सरलाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात त्याले सर्दी बी होते. बकेट ठेवा लागते खाली."

मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं ते वर्गात मागच्या बाकाकडे पाहत. सही झाली, पाटी लागली, वर्तमानपत्रात दारात वाकून उभ्या मास्तरांचा फोटो आला. चिंधूने पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि सज्जात जाऊन गप्प बसला. त्या दिवसांत मास्तर दोन पोळ्या जास्त खात.

आणि आता हा कमोड.

गुणवंता मिस्त्रीने आतल्या कोपऱ्यात पहिली पहार मारली तेव्हा भिंतीतून मूठभर माती पडली. ती पडायचा आवाज भोपाळपर्यंत गेला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी मॅडम दारात होत्या. वाकून आत आल्या, कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि लेकरू पडल्यासारखा चेहरा केला.

"सर, ही मूळ भिंत आहे."

"मॅडम, माझ्या पत्नीचे गुडघेही मूळच आहेत," मास्तर त्यांच्या ठेवणीतल्या भाषेत म्हणाले.

मॅडमनी सहानुभूती दाखवली. सहानुभूतीला नियमात जागा होती, कमोडला नव्हती. शिवाय आल्यासरशी त्यांनी घर नीट पाहिलं. खाली टाइल्स दिसल्या, त्या विसंगत ठरल्या; मूळ जमीन शेणाने सारवलेली असणार, ती परत आणावी लागेल. परसात मास्तरांनी नोकरीच्या दिवसांत बांधलेला देशी संडास दिसला, तोही विसंगत. त्यावर त्यांनी खडूने लाल फुली मारली.

"शेन कोन सारवीन?" सरलाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच. परंपरेने घरातल्या स्त्रियाच सारवत. तो या वास्तूचा आत्मा आहे."

"आत्म्याले गुडघे नसतात बाई," सरलाबाई म्हणाल्या आणि भिंत धरून उठल्या.

त्या आठवड्यात टाइल्स निघाल्या. गल्लीतल्या बायका येऊन सारवून गेल्या आणि जाताना प्रत्येक जण एकेक सल्ला ठेवून गेली. एकीने सांगितलं, अपंगाचं प्रमाणपत्र काढा. दुसरी म्हणाली, पार्टीत घुसा, यादीतून नाव पार्टीच काढते. तिसरी म्हणाली, जामसांवलीला नारळ बोला.

"जामसांवलीचा मारुती आडवा पडून हाय," सरलाबाई म्हणाल्या. "म्हनून त्याचे गुडघे शाबूत हायेत. त्याले माह्यं काय समजीन?"

तोवरचा उपाय म्हणून मास्तरांनी एका प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं आणि ती परसातल्या देशी शीटवर ठेवली. मास्तर गणिताचे, माप अचूक होतं. पण प्लास्टिकला गणित कळत नाही. तिसऱ्या चौथ्या दिवशी एक पाय फाकला. सरलाबाई पडता पडता वाचल्या आणि दाराच्या कडीला धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. आतून एवढंच म्हणाल्या, "अहो, मले बाहेर काढा."

त्या आवाजात तक्रार नव्हती, हेच मास्तरांना लागलं. कापसाच्या बोंडाला काटा असतो तसा तो आवाज होता. वरून मऊ, आणि हात घातला की रक्त.

ते समितीच्या कार्यालयात गेले. पांढुर्णा नवा जिल्हा; समितीनेही तिथे नवी खोली घेतली होती. खोलीत टेबल होतं, पंखा होता, फाइल मात्र छिंदवाड्यात होती. छिंदवाड्याच्या जुन्या खोलीत मास्तर गेले तर कळलं की फाइल पांढुर्ण्याला निघालीय. म्हणजे ती रस्त्यात कुठेतरी मास्तरांच्या बसशेजारूनच उलट्या दिशेने गेली असणार. शेवटी एका बाबूने दया केली.

"देखिए मास्साब, नया कुछ जोड़ नहीं सकते. लेकिन मूल में रहा हो, तो उसको दोबारा चालू कर सकते हैं. कामगार निवास में शौचालय मूल था क्या?"

मास्तरांच्या मनात दिवा लागला. मूळ शोधायचं. जन्म त्यांचा त्याच कोठडीतला, पण पोरपणचं आठवायचं ते लोटा घेऊन रेल्वेच्या पलीकडे जाणंच. मोठ्यांपैकी आता एकच साक्षीदार उरली होती, देवकाबाई. पोरवयापासून जिनात रुई वेचलेली, आता डोळ्यांनी अधू, पण जिभेने अजून धारदार. मास्तरांनी मॅडमना तिच्याकडे नेलं, आणि त्या मोबाइल पुढे धरून तिच्या खाटेजवळ बसल्या.

"आजी, त्या काळी शौचालयाची व्यवस्था कशी होती?"

"काय म्हंते वं हे?"

"संडासाचं इचारते माय," सरलाबाईंनी उलगडलं.

देवकाबाई बोळक्या तोंडाने खुदकन हसली. "आमाले? बाई, भोंगा झाला का कामावर. मंधात उठलं का मुकादम डोक्यावर. शेठच्या बंगल्यात व्हतं म्हंत, आमी नाई पाह्यलं. आमी पाहाटेच्या आंधारात नाल्यावर जावो. नाई जमलं तं दिवसभर पोट आवळून रुई वेचो."

मग तिने डोळे मिटले आणि रुई वेचतानाचा सूर लावला:

"जिनाचा वाजे भोंगा, रुई उडते गगनी,
डोई माही पांढरी वं, नाही म्हातारी मी साजनी.
पाहाटेच्या आंधारात नाल्याकाठी साऱ्या जनी,
लाज झाकाले पळस एक, अन् दोन मुठी पानी."

सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या गोष्टीसाठी त्या आपल्या घरात झुरत होत्या, तिचं गाणं कोणीतरी त्यांच्या जन्माआधीच म्हणून ठेवलं होतं.

मॅडमचेही डोळे भरले. "किती सुंदर. निसर्गाशी किती जवळचं नातं होतं या स्त्रियांचं."

"नातं नाई वं," देवकाबाई म्हणाली, "नाला व्हता."

मॅडमनी गाणं अमूर्त वारसा म्हणून जपून ठेवलं आणि निकाल दिला: मूळ शौचालय नाही, म्हणजे कमोड नाही.

त्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसलेले पाहून चिंधू फाटक उघडून आला. टोमणा मारायलाच आला असावा. पण आतून सरलाबाईंचं कण्हणं ऐकू आलं आणि त्याने टोमणा गिळला. चिंधू माणूस भडक होता, दुष्ट नव्हता.

"मूळ नोतं म्हंते ना ते पोरगी?"

"हो."

"मंग असू द्या."

"म्हणजे?"

"मास्तर, तुमी भल्ले शिकलेले, म्हनून तुमचं डोकं सरळ चालते. जमिनीतून जे निंघते ते मूळच असते. पांढुर्ण्याले एक कबाडी हाय. जुन्या डाक बंगल्यातला इंग्लिश कमोड त्याच्यापाशी पडून हाय, निळ्या फुलाफुलाचा. आनायचा, परसात गाडायचा, अन् त्या पोरीले खोदाले लावायचं. तिले भेटला का तेच म्हनीन, मूळ हाय, चालू करा."

"हा असत्याचा मार्ग आहे, चिंधूभाऊ."

"मंग सत्याच्या मार्गानं भाभीले नाल्यावर घेऊन जा."

मास्तरांनी जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिले होते. त्यांतला एकही त्या घडीला कामाला आला नाही.

शनिवारी दोघे चिंधूच्या स्कूटरवर पांढुर्ण्याला गेले. येताना चिंधू पुढे, मास्तर मागे, आणि मास्तरांच्या मांडीवर कमोड. सेवानिवृत्त मुख्याध्यापकाने कमोडला मिठी मारून भर दुपारी गावात यावं हे बरं दिसणार नाही, म्हणून वरून घरचीच लाल चादर पांघरलेली. इथेच चूक झाली. शनिवार, जामसांवलीची वाट, आणि स्कूटरवर एक प्रतिष्ठित गृहस्थ लाल वस्त्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून डोळे मिटून बसलेले. डोळे त्यांनी चिंधूच्या गाडी चालवण्यामुळे मिटले होते. पण पायी निघालेल्या भाविकांना ते काय माहीत? एकाने हात जोडले, मग सगळ्यांनीच. वळणावर गाडी हळू झाली तर एका म्हातारीने पुढे होऊन चादरीला कुंकू लावलं.

"कोनत्या देवाची मूर्ती हाय बाप्पा?"

मास्तरांच्या तोंडून कसंबसं निघालं, "घरगुती आहे."

"घरगुतीच पावते," म्हातारी म्हणाली आणि चादरीवर झेंडूचं फूल ठेवून गेली.

गल्लीतली माणसं दर्शनाला गेलेली होती, तोवर मास्तरांनी आणि चिंधूने परसात खड्डा खणून कमोड पुरला. वर माती लोटताना मास्तरांनी ते फूलही सोबत लोटलं. बाहेर ठेवायची हिंमत झाली नाही. मग त्यांनी मॅडमना फोन केला आणि सांगितलं, की लिंबाला पाणी घालताना काहीतरी चिनी मातीचं दिसलंय.

मॅडम आल्या त्या ब्रश घेऊन. मास्तरांना वाटलं होतं, फावड्याने काम उरकेल. पण मॅडम मातीवरून असा ब्रश फिरवत होत्या, जशी आई तापातल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवते. आधी निळं फूल दिसलं, मग काठ, मग सगळा कमोड. मॅडम मातीतच बसल्या.

"सर, हे काय आहे तुम्हाला कळतंय?"

"कमोड," मास्तर आशेने म्हणाले.

"हा पुरावा आहे. इतक्या जुन्या काळात कामगाराच्या परसात इंग्लिश कमोड. देशात दुसरीकडे मला तरी माहीत नाही."

"मग चालू करायचा ना?"

मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांनी जणू महाराजांच्या तलवारीने कांदा चिरायची परवानगी मागितली होती. त्यावर बसणं तर सोडाच, कोणी हात लावायचा नाही. परसात आणखी असतील, म्हणून सगळं परस दोरीने बांधून घेतलं. 'उत्खनन क्षेत्र, प्रवेश बंद.' लाल फुलीचा देशी संडास दोरीच्या आत गेला.

आता मास्तरांच्या घरी काहीच उरलं नाही. चिंधूच्या घरी कमोड होते, पण वरच्या मजल्यांवर. खाली संत्र्याच्या पेट्यांचं गोदाम. तो जिना सरलाबाईंना हिमालय. तेव्हा सकाळ झाली की मास्तर ऑटो बोलवत आणि नवराबायको बसस्टँडच्या सार्वजनिक शौचालयात जात; तिथे एक कमोड होता. तिथे पैसे घ्यायला बसलेला माणूस मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

"नमस्ते गुरुजी. तुमच्याकडून कायचे पैसे? भाभीजी, या, आतूनच धुऊन ठेवलं हाय."

छिंदवाड्याच्या बसमधली माणसं खिडकीतून हे आदरातिथ्य पाहायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत मास्तरांना मिळालेला तो सर्वांत प्रामाणिक सन्मान होता, आणि तो कुठे मिळावा?

कमोडची बातमी जिनाच्या शेठच्या नातवाला, वीरेंद्रबाबूंना, लागली. त्यांचं जिन गेलं होतं, पण शेठपण गेलं नव्हतं. त्यांचा आता इमारतींचा धंदा होता आणि निवडणुकीला उभं राहायचं मनात होतं. आजोबांनी मजुरांना कमोड दिले होते हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मात्र आठवायला लागलं. दादाजी रोज सकाळी कोठड्यांत फिरून मजुरांची विचारपूस करत. दादाजी म्हणत, मजूर सुखी तर कापूस सुखी. चौकाचौकांत बॅनर लागले, त्यांवर दादाजी, वीरेंद्रबाबू आणि मध्ये कमोड.

सरलाबाईंनी बॅनर देवकाबाईला वाचून दाखवला.

"आमाले हागाले सुट्टी नोता देत थो," देवकाबाई म्हणाली, "अन् बसाले खुर्ची देल्ली म्हंते?"

पण तिचं हे बोलणं अमूर्त वारशात घ्यायला कोणी मोबाइल पुढे धरला नाही.

लोकार्पणाचा मंडप गल्लीतच पडला. काचेची पेटी मास्तरांच्या ओट्यावर ठेवली, आत धुतलेला, झेंडूची माळ घातलेला कमोड. पेटीने ओटा असा अडवला होता, की दारातून बाहेर पडायला हातभर वाट उरली. वीरेंद्रबाबू बोलले, मॅडम बोलल्या. मास्तरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. 'वारशाचे राखणदार' म्हणून टाळ्या झाल्या. चिंधूने समोरच्या सज्जातून आधी मान डोलावली, आणि मग मानच फिरवली.

तेवढ्यात दारात सरलाबाई दिसल्या. बराच वेळ आत बसून त्यांनी कळ काढली होती. आता काढवेना. ऑटो मंडपाच्या पलीकडे उभा होता. काचेच्या पेटीला घसटत, भिंत धरत, साऱ्या गावासमोर त्या पाठमोऱ्या पायरी उतरू लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने सरकून वाट दिली. बाकीचे फोटो काढत होते, पेटीचा.

मास्तरांच्या अंगावरची शाल त्यांना एकदम जड झाली. त्यांनी माइक ओढून घेतला.

"हा कमोड खोटा आहे," ते म्हणाले. "मी आणला. पांढुर्ण्याच्या कबाड्याकडून. मांडीवर घेऊन आलो. परसात मीच पुरला. या कोठड्यांत कधी काही नव्हतं, बाया नाल्यावर जात. मी खोटं बोललो. मला शिक्षा करा, यादीतून घर काढा, पण माझ्या बायकोला आत एक कमोड बसवू द्या."

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. जन्मभराची अब्रू त्यांनी पायाशी ठेवली होती, आणि नवल म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं.

वीरेंद्रबाबू सगळ्यांत आधी सावरले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक आपल्याकडे वळवला. "देखिए, ये होते हैं हमारे सौंसर के संस्कार. इतनी बड़ी खोज, और आदमी श्रेय लेने को तैयार नहीं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, नाही, खरंच मी," मास्तर म्हणाले.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमच्या भावना समजतात. पण मातीचे थर मी स्वतः पाहिलेत. खाली वाळलेलं फूलही मिळालंय. त्या काळी मजूर या वस्तूची पूजा करत असावेत. त्यावर मी स्वतंत्र लिहितेय."

मास्तर आजवर खोटं एकदाच बोलले, ते सगळ्यांनी मानलं. खरं आज बोलले, ते कोणाच्या गळी उतरेना. त्यांनी चिंधूच्या सज्जाकडे पाहिलं, की हा तरी साक्ष देईल. चिंधू सज्जात नव्हता. तो खाली आला होता आणि सरलाबाईंना ऑटोत बसायला हात देत होता.

सरलाबाई बसल्या नाहीत. ऑटोचा दांडा धरून त्यांनी समोरच्या तीन मजली घराकडे पाहिलं. निळ्या काचा, सिमेंटचे हत्ती, उलटं वाळत घातलेलं न्हाणीघर.

"चिंधूभाऊ, तुमच्या खालच्या गोदामात कमोड बसवता येते काय?"

"काहून नाही? माह्यं घर कुठं यादीत हाय? गुणवंताले आजच बलावतो."

"मंग बसवा. भाड्यानं राहीन मी तिथं."

मास्तर शालीसकट धावत आले. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकाईले तुमी आत्ताच सगळं सांगलं नं?" सरलाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल नीट केली. "तुमी खरं बोलले. मले आयकू आलं. आता दूर व्हा, मले बसस्टँडवर जाऊ द्या."

संत्र्याच्या पेट्या हलल्या. जिथे संत्री पिकायची तिथे पांढरा कमोड बसला, शेजारी धरायला स्टीलचा दांडा, सरलाबाईंची खाट, देवांचा फोटो. मास्तरांनाही तिकडे जायचं होतं. पण समितीचं पत्र आलं, की हा जिवंत वारसा आहे आणि जिवंत वारशात कोणीतरी जिवंत माणूस राहायला हवा. घर रिकामं दिसलं तर कारवाई होईल. तेव्हा मास्तर कोठडीत राहतात. सारवलेल्या जमिनीवर निजतात, सकाळी काचेची पेटी पुसतात, आणि शाळांच्या सहली आल्या की त्यांना बुटक्या दारातली विनम्रता समजावून सांगतात. सांगताना कपाळ रोज त्याच चौकटीला लागतं.

सज्जातून चिंधू आता हाक मारत नाही. मारायची गरजच नाही. रोज उजाडता उजाडता मास्तर स्वतःच तांब्या न घेता, मान खाली घालून, गल्ली ओलांडून येतात आणि बायकोच्या दाराची कडी वाजवतात.

"कोन हाय?"

"मी."

मग सरलाबाईंचा आवाज येतो. त्यात ना कण्हणं, ना घाई. इतका निवांत आवाज मास्तरांनी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"थांबा वाईच. मी बसली हाय."

आणि मास्तर सिमेंटच्या हत्तीला टेकून उभे राहतात.